तीनपैकी एकच वन्स मोअर माझा

अमरावतीच्या फुलबाजारात मी आजही टोपली उतरवली की कोणी ना कोणी म्हणतोच, "आले बाप्पा, नाटक बुडवणारे आले." म्हणणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. अकोल्यात ते संगीत नाटक ठरल्यापेक्षा आधी बंद पडलं, त्यात माझा जेवढा हात होता तेवढा मी मानतो. त्याहून जास्त मानणार नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

कापसाचा हंगाम होता. वऱ्हाडात नाटक कंपन्या तेव्हाच येत. या कंपनीचा बेत महिनाभर अकोला आणि मग महिनाभर अमरावती असा होता. त्यांनी पत्र्याचं थिएटर उभं केलं ते नेमकं एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून. मी मॅनेजरला पहिल्याच दिवशी म्हणालो, "साहेब, इथं दिवसभर रुईचं तूस उडून रायते. गाणाऱ्याचा घसा धरन." तो पुण्याकडचा माणूस. माझ्या बोलीवर हसला आणि फुलांचा भाव विचारला.

नायिकेला प्रत्येक खेळाला शेवंतीची ताजी वेणी लागायची. मी म्हटलं, पैसे नकोत, महिनाभर पहिल्या रांगेतली एक खुर्ची माझ्या नावाची ठेवा. बार्शीटाकळीहून डोक्यावर भाजी घेऊन पायी अकोल्याला येणारा माणूस मी. नाटक पाहिलं ते कायम पिटात, जमिनीवर, पुढच्याच्या पागोट्याआडून. आता माझा स्वतःचा मळा होता आणि मला खुर्ची हवी होती. मॅनेजर कबूल झाला.

नायिकेचं काम एक चाळिशीचा नट करी. तिसऱ्या अंकात नायिका नवऱ्याचं घर सोडते आणि उंबऱ्यात उभी राहून एक पद म्हणते. त्या पदाला रोज वन्स मोअर पडे, आणि पहिली आरोळी माझी असे. लिलावात बोली ओरडून माझा आवाज तयार झालेला. मी ओरडलो की पिट ओरडायचं. आमच्या बाजारात माप भरलं तरी गिऱ्हाईक हलत नाही. मापावर वरची मूठ पडली की मगच पिशवीचं तोंड बांधतं. नाटकातही आम्ही तेच केलं. पद पुरं झालं म्हणजे माप भरलं. वरची मूठ आमच्या हक्काची.

पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात तो नट वरच्या सुराआधी थोडा थांबू लागला. तेवढ्या वेळात सगळं थिएटर श्वास धरून बसे. सूर लागला की टाळ्या पडत, पण त्या टाळ्यांचा आवाज मला आवडेनासा झाला. वेणी द्यायला दुपारी जाई तेव्हा तो मफलर गुंडाळून बसलेला असे. शेजारी रुमाल, रुमालावर पांढरं तूस. गर्दी मात्र रोज वाढत होती. चहाच्या दुकानात लोक नाटकाचं बोलतच नव्हते, त्याच्या गळ्याचं बोलत.

"आज टिकते का?"

"आज टिकन. उद्याचं सांगता येत नाई."

"मंग आजच पाहून घ्या राजेहो."

तेल्हाऱ्याकडून बैलगाड्या भरून माणसं येऊ लागली. एक म्हातारा तिकिटाच्या खिडकीशी हात जोडून सांगत होता, "आमची पाळी येईलोक तरी त्याले गाऊ द्या."

त्या रविवारी दुपारचा खेळ होता, जवळच्या खेड्यातल्यांना उजेडी घरी जाता यावं म्हणून. मी वेणी घेऊन गेलो तर त्या नटाने मला जवळ बसवलं. आवाज कुजबुजीएवढाच होता.

"भाऊ, वन्स मोअरची सुरुवात तुम्ही करता ना?"

"हो. काहून?"

"आज करू नका. एकदा म्हणण्यापुरता गळा आहे. उद्या सुटी, परवाही सुटी घेतली आहे. दोन दिवसांत येईल परत. तुम्ही गप्प राहिलात तर पिट गप्प राहील."

"दिला शब्द," मी म्हटलं. "आज माझ्या तोंडातून आवाज निघणार नाई."

तो हसला आणि वेणीचा वास घेतला. हे मी लपवत नाही.

खेळाच्या वेळी गेलो तर माझ्या खुर्चीवर जिनाच्या मालकाचा पाहुणा. मॅनेजर धावत आला. "आजच्या दिवस पिटात बसा. तुम्ही काय, घरचेच."

"सौदा महिन्याचा होता."

"अहो, पिटातूनही दिसतं की. तुम्हाला सवय आहे."

हे वाक्य त्याने चार माणसांत म्हटलं. तिथे आणखी थांबलो असतो तर हात उचलला असता. जाऊन तेल्हाऱ्याच्या माणसांत बसलो. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. त्यांतून उन्हाचे बारीक ठिपके पिटातल्या पागोट्यांवर पडले होते, आणि प्रत्येक ठिपक्यात तूस तरंगत होतं. दोन अंक मी स्टेजकडे पाहिलंच नाही. पाहुण्याचं डोकं पाहत होतो.

तिसऱ्या अंकात तो उंबऱ्यात उभा राहिला. माझी वेणी त्याच्या केसांत होती. त्याने पट्टी खाली घेतली होती. वरच्या सुराआधी थांबला नाही, तो सूर त्याने हलकेच ओलांडला आणि पद पुरं केलं. तसं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. टाळ्या पडल्या आणि थांबल्या. मग सगळ्या पिटाने वळून माझ्याकडे पाहिलं. शेजारचा म्हणाला, "शेट, बोला ना. आज कसे मुके झाले?" पुढच्या रांगेत तो पाहुणा खुर्चीवर रेलून विडा चघळत होता.

मी ओरडलो. एकदाच.

त्या नटाने मला पिटात शोधलं आणि तो परत गायला. पद पुरं झालं. दुसरा वन्स मोअर पिटातून आला, तो माझा नव्हता. तिसरा खुर्च्यांकडून आला, तोही माझा नव्हता. तिसऱ्या वेळी दुसऱ्याच ओळीत त्याचं तोंड उघडं राहिलं आणि आतून काही आलं नाही. ऑर्गन दोन ओळी पुढे गेला, मग त्यालाही कळलं. कोणी हसलं नाही. जिनाचा धडधडाट पत्र्यातून ऐकू येत होता तेवढाच. तो हात जोडून उभा होता तोवर पडदा पडला.

मॅनेजरने पडद्यापुढे येऊन सांगितलं की पुढचे सगळे खेळ बंद. ज्यांनी नाटक आधी पाहिलं होतं ते खाली पाहत निघाले. ज्यांचं पाहायचं राहिलं होतं ते बाहेर ओरडत होते. "आमी काय पाप केलं? तुमी खाऊन बसले, आमाले खरकटं." बायकांच्या बाजूने कोणीतरी ज्येष्ठमधाची पुडी आत पाठवली. तेल्हाऱ्याचा तो म्हातारा बैल जुंपताना म्हणाला, "आपण बियाणं खाल्लं, लेको." त्याने माझ्याकडे पाहून म्हटलं असं नाही, पण मी तिथेच उभा होतो.

कंपनी अमरावतीला गेली ती नायिकेसाठी दुसरा नट घेऊन. तिथले लोक अकोल्याची हकिकत ऐकूनच आले आणि हात बांधून बसले. एकाही पदाला कोणी वन्स मोअर मागितला नाही. तीन खेळांत तिथेही नाटक बंद पडलं.

शेवटच्या खेळाच्या सकाळी मी अमरावतीच्या बाजारात शेवंती घेऊन बसलो होतो. मफलर गुंडाळलेला माणूस समोर आला. कंपनीची फुलं आणण्याचं काम आता त्याच्याकडे होतं. त्याने दोन बोटं दाखवली. मी दोन वेण्या पानात ठेवल्या आणि, कधी नव्हे ते कोणी न मागता, वर तिसरी ठेवली. त्याने ती उचलली. माझ्या टोपलीत परत ठेवली, पाकळ्या दबू नयेत अशी सरळ करून. बाजूचे फूलवाले पाहत होते. मी त्याला म्हटलं, "एकच माझा होता." त्याने मान हलवली आणि दोन वेण्या घेऊन गेला.

ती तिसरी वेणी मी विकली नाही. परतताना ती मांडीवर होती आणि मी मनातल्या मनात मॅनेजरशी खुर्चीवरून भांडत होतो. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत तोंडावर मारण्यासारखी सगळी उत्तरं देऊन झाली. अकोल्याच्या गाडीत बोलायला काही उरलं नाही, आणि अकोला अजून बरंच लांब होतं.