पुढचा डावा जॅक

मार्गशीर्षात आम्ही वैशाखऱ्याजवळच्या त्या पाड्यावर पोचलो, तेव्हा गाडी दाराच्या बाजूला झुकलेली लांबूनच दिसली. पावसाळाभर एका जागी उभी होती. जमीन भिजून खचली आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याचा पाय खाली गेला. असं होणार याची मला कल्पना होती. त्या दिवसाच्या माझ्या यादीत पहिलं काम तेच होतं: आधी गाडी सपाट करायची, मगच यांना आत न्यायचं.

गाडी म्हणजे मोटारहोम. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेलं लहानसं घर. पलंग, ओटा, संडास सगळं आत. बँकेतून निवृत्त झाल्यावर यांनी ती एका टूरवाल्याकडून जुनी घेतली. शहापूरच्या आमच्या सोसायटीत ती मावत नाही, म्हणून ओळखीच्या एका शेतकरी घराच्या अंगणाकडेला वर्षभर उभी असते. थंडीत आम्ही कारने तिथे जातो आणि आठवडाभर तिच्यात राहतो. गाडीच्या चार कोपऱ्यांना चार जॅक आहेत, प्रत्येकाला आपापली छोटी मोटर. बटण दाबलं की पाय खाली येतात, जमिनीला टेकतात आणि गाडी उचलून धरतात. चारही पाय कमीजास्त करून गाडी कुठल्याही जमिनीवर सपाट उभी करता येते. ती आम्ही घेतली तेव्हा हे चैनीचं वाटलं होतं.

यांच्या लहान मेंदूला आजार आहे. त्याचं नाव लांबलचक आहे आणि त्यावर औषध नाही. तोल जातो. सपाट जमिनीवर काठी घेऊन, पाय फाकवून चालतात. पण फरशीला जरासा उतार असला, तुम्हाआम्हाला कळणारही नाही एवढा, तरी आपण घसरतोय असं त्यांना वाटतं आणि पोटात ढवळून येतं. म्हणून गेली काही वर्षं मी घरात पाणसळ घेऊन फिरते. गवंडी वापरतात ती, मधल्या नळीत बुडबुडा असलेली. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. पलंगाच्या पायांखाली पुठ्ठे घातले, खुर्च्यांचे पाय घासून घेतले, न्हाणीघराची फरशी उखडून पार सपाट बसवून घेतली. तिथे आता पाणी तुंबतं. ते मी खराट्याने काढते.

ठाण्याच्या डॉक्टरांनी या वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, यांना जिथे जायचं असेल तिथे यंदाच नेऊन आणा. मी यांना विचारलं. त्यांना फक्त इथे यायचं होतं. गाडीच्या मागच्या खिडकीतून, पलंगावर पडल्यापडल्या, माळशेजचे डोंगर दिसतात. तेवढं आठवडाभर बघायचं होतं.

त्या शेतकरी घरातल्या वहिनींनी यांच्यासाठी घराच्या ओट्यावर खुर्ची मांडली. सारवलेला ओटा चांगला सपाट आहे. ते तिथे बसले आणि मी बटणं दाबायला आत गेले. तीन जॅक घरघरले. पुढचा डावा गप्प. पुन्हा दाबलं. पॅनेलमधून नुसतं टक् झालं.

मी इंजिनिअर नाही. पण या गाडीची प्रत्येक वायर मला माहीत आहे, कारण माहीत असण्याला पर्याय नव्हता. टक् ऐकू आलं म्हणजे बटण ठीक, त्यामागचा करंट सोडणारा स्विच, म्हणजे रिले, तोही ठीक. फ्यूज काढून बघितला, ठीक. बॅटरी सोलरवर भरलेली. उरली वायर, अर्थिंग आणि खुद्द मोटर. त्यासाठी एकाने आत बटण दाबायचं आणि एकाने गाडीखाली मीटर लावायचा. मी पोतं अंथरून खाली शिरले, वहिनींना आत उभं केलं.

"दाबू?" त्यांनी आतून विचारलं.

"दाबा."

"दाबलं. काय व्हतं का गो?"

"नाही. सोडा."

"मना वाटलं गाडी उडतेच आता."

ओट्यावरून हे म्हणाले, "वहिनी, जपून. एकदा हाताखाली घेतलं की ती सोडत नाही. मला विचारा."

वहिनी हसल्या. मीही हसले असेन. मीटर मोटरच्या तोंडाशी पूर्ण व्होल्ट दाखवत होता, म्हणजे करंट येत होता. बॅटरीपासून वेगळी वायर आणून मोटरच्या अंगाला अर्थिंग दिलं, तरी काही नाही. मग हातोडीच्या दांड्याने मोटरवर हलकेच ठोकलं आणि वहिनींना दाबून धरायला सांगितलं. मोटर कण्हल्यासारखी अर्धा फेरा फिरली आणि थांबली. आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे अडकले होते. मोटर उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

लाकडी ठोकळ्यांवर गाडी टेकवता आली असती. पण ठोकळ्यांवरची गाडी माणूस कूस बदलला तरी डुलते. ते आम्ही एकदा करून पाहिलं आहे. त्या रात्री हे मांडीवर बादली घेऊन बसून होते. हाताने जॅक फिरवायचं हँडल जुन्या मालकाने कधीच हरवलं होतं. म्हणजे मोटर चालली तर मुक्काम, नाहीतर संध्याकाळी परत शहापूर. मी यांना तसं सांगितलं.

ते म्हणाले, "मग चालव."

बोल्ट गंजले होते. तेल सोडून थांबले, मग एकेक सोडवला. मोटर पिशवीत घालून मुरबाडला एका सेल्फ-डायनामोवाल्याकडे गेले. यांना वहिनींवर सोपवलं. गाड्या सुरू करणारे सेल्फ आणि या मोटरी आतून सारख्याच असतात. कार्बन, आर्मेचर, बुश. दुकानदाराने ती शिकंज्यात धरली, झाकण काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, ही गाडीची मोटर हाय का गोठ्याची?"

आत तपकिरी-हिरवट थर बसला होता, वाळून कडक झालेला, त्यात बारीक काडीकचरा. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि वास आला. शेण. मोटरचं वरचं रबरी टोपण तडकलं होतं, त्या फटीतून शेणाचं पाणी महिनोन् महिने आत झिरपलं होतं.

कुठून, ते मला तिथेच कळलं. पुढचा डावा पाय गाडीच्या दाराला लागून आहे. आणि वहिनी रोज सकाळी आपल्या दारात सडा टाकतात, तसा आमच्या गाडीच्या दारातही टाकतात. मी तो कितीदा पाहिला होता. गाडीतून उतरताना खाली ताजा सडा बघून बरं वाटायचं.

त्याने कार्बन जिथे टेकतात तो कॉम्युटेटर पॉलिश पेपरने घासला, कुठल्याशा स्कूटरचे कार्बन कानशीने घासून बसवले, ग्रीस भरलं. बॅटरी लावून फिरवून दाखवली. चांगली फिरली. किती टिकेल असं विचारल्यावर तो म्हणाला की, आंघोळ घातली नाय तर टिकेल. नवं टोपण त्याच्याकडे नव्हतं, ट्यूबचा तुकडा कापून तारेने आवळून दिला.

परत येताना वहिनींना काय सांगायचं याचा विचार केला. न सांगून चालणार नव्हतं. न सांगता सडा थांबला नसता. मी गोष्टी लगेच आणि सरळ सांगते. माझ्या स्वभावात दुसरं काही नाही. त्या विचारत आल्या, काय निघालं, तेव्हा सांगून टाकलं की, सड्याचं पाणी मोटरमध्ये गेलं होतं, यापुढे गाडीपाशी टाकू नका.

त्या पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"तुमी नसता तवा पन टाकते," त्या म्हणाल्या. "आजारी मानूस निजतो त्या दारात. ते दार कोरडं ठेवायचं कसं?"

मी म्हटलं की, तुमची चूक नाही, टोपणच तडकलं होतं.

"म्हंजे मीच मोडली म्हना की."

मी नाही म्हटलं, पण त्या चुलीकडे निघून गेल्या. नंतर मोटर बसवताना बटण दाबायला मी त्यांना बोलावलं नाही आणि त्याही आल्या नाहीत. मीच खालून बाहेर यायची, आत जायची, पुन्हा खाली शिरायची.

ऊन उतरायच्या आत जॅक चालू झाला. खचलेला पुढचा डावा पाय आधी वर घेतला, मग तो खाली आला, मातीवर टाकलेल्या फळीला टेकला आणि गाडी हळूहळू सरळ झाली. मी पाणसळ गाडीतल्या ओट्यावर ठेवली, जमिनीवर आडवी ठेवली, उभी ठेवली, पलंगाच्या फळीवर ठेवली. सगळीकडे बुडबुडा मधोमध. मला आनंद झाला, हे लिहायला हवं. मी घामेजलेली होते, नखांत ग्रीस होतं, आणि वाटलं की आठवडा वाचला.

यांना धरून आत आणलं. पलंगावर बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड पकडली.

"दाराकडे उतार आहे," ते म्हणाले.

मी पाणसळ त्यांच्या शेजारी ठेवली. "हे बघा."

त्यांनी नीट वाकून बघितलं. "तुझं बरोबर आहे. पण मी घसरतोय."

पाणसळच बिघडली असेल असं मला वाटलं. ती तपासायची रीत सोपी आहे: टोकांची अदलाबदल करून त्याच जागी ठेवायची. बिघडलेली असेल तर बुडबुडा दुसऱ्या बाजूला जातो. गेला नाही. मी दाराकडची बाजू थोडी उचलली. आता? तेवढाच आहे, ते म्हणाले. आणखी उचलली. आता पाणसळीत बुडबुडा चक्क दाराकडे गेला होता, म्हणजे तीच बाजू उंच झाली होती, आणि त्यांना उतार तरीही दाराकडेच वाटत होता. मी मागचे पाय कमी केले, पुढचे वाढवले, पुन्हा सगळं मधोमध आणलं आणि पुन्हा विचारलं. दुरुस्त केलेली मोटर प्रत्येक वेळी न कुरकुरता चालली. किती वेळ मी हे केलं कोण जाणे. बाहेर वहिनींच्या म्हशी परतल्याच्या घंटा वाजल्या तरी मी बटणांपाशीच होते.

"बस कर आता," ते म्हणाले. "घरी पण असंच वाटतं."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

मी बटणावरचं बोट काढलं नाही. दसऱ्यानंतर आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कसं वाटतं. हे म्हणाले होते, घरात एकदम झकास, हिने सगळं सपाट करून ठेवलंय.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू इकडे येणं रद्द केलं असतंस."

केलं असतं. त्यांना घरातच बसवलं असतं, पुठ्ठे बदलले असते, दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली असती. आतापर्यंत प्रत्येक वेळी करायला काहीतरी असायचं. एक पुठ्ठा, एक फरशी, एक मोटर. मी पलंगापाशी खाली बसले. ती जमीन अगदी सपाट होती.

मी म्हटलं, निघू या का. ते म्हणाले, "उतार दोन्हीकडे आहेच. मग इथला असू दे."

म्हणून राहिलो. वहिनींनी नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी दिली. यांनी दोन घास खाल्ले आणि आडवे झाले. मी मागची खिडकी उघडली. डोंगरावर अजून उजेड होता, कडे स्पष्ट दिसत होते. दिसतोय का, मी विचारलं. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाले की, उघडले की तोही सरकतो. खिडकी मात्र लावू नकोस म्हणाले. रात्र त्यांनी पलंगाचा दांडा धरून काढली, मी त्यांच्या पाठीला पाठ लावून, म्हणजे एका बाजूने तरी काही हलणार नाही.

सकाळी ते आपणहून म्हणाले, चल. सामान आवरायला फार वेळ लागला नाही, कारण बरंचसं उघडलंच नव्हतं. वहिनी आणि मी दोघींनी धरून त्यांना कारच्या मागच्या सीटवर निजवलं. त्या आदल्या दिवसापासून माझ्याशी तुटक बोलत होत्या, पण यांच्या डोक्याखाली उशी सरकवताना त्यांनी स्वतःची शाल घडी करून वर ठेवली.

"दादा, शेंगा धरल्या की या," त्या म्हणाल्या. शेतात वाल नुकताच वर आला होता.

"येतो की," हे म्हणाले.

मी कार हळू चालवली. हे डोळे मिटून होते आणि प्रत्येक वळणाला विचारत होते, हे कुठलं. ठिकाण कळलं की शरीर तयारीत राहतं, असं त्यांचं म्हणणं. मी सांगत गेले. टोकावडे. सरळगाव. मग किन्हवलीचा फाटा. किन्हवली मागे पडल्यावर रस्ता काही वेळ अगदी सरळ जातो. दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं, पुढे काहीच नाही.

"हे कुठलं वळण?" त्यांनी विचारलं. आवाजात भीती होती. हात सीटच्या कडेला घट्ट धरलेला मला आरशात दिसत होता.

माझं स्टिअरिंग सरळ होतं.

"शेणव्याचं," मी म्हणाले. शेणवा अजून यायचा होता.

"मोठं आहे."

"हो," मी म्हणाले. "संपेल आता."