एकशे बारा तुकड्यांचं घर

सकाळी सात वाजता वहिनींचा फोन आला. "भाऊजी, या. हे गेले." दुर्गाघाटच्या गल्लीत माझ्या दारापासून त्यांचं दार एकशे साठ पावलांवर आहे. दिगंबरदादा, माझा चुलतभाऊ, खाटेवर होता आणि शेजारच्या टेबलावर ते अर्धवट घर... ते अर्धवट राहिलं माझ्यामुळे. पाच आठवडे झाले, हे कुणी बोलत नाही. म्हणून लिहितो.

दादा वास्तुकला शिकवायचा. तरुणपणी वर्षभर तो इंग्लंडमध्ये एका जुन्या शेतघराच्या दुरुस्तीवर होता. त्या घराचा सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा. खिळा एकही नाही. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत आणि वरून लाकडी खुंटी. सुतारांनी ते आधी जमिनीवर आडवं जोडलं, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच खूण कोरली, मग सुटं करून उभं केलं. "ओक वाकडा असतो रे," दादा सांगायचा, "एकाच्या जागी दुसरा चालत नाही." निवृत्तीनंतर वाकड्या फांद्या जमवून त्याने त्या घराची विसाव्या हिश्श्याची प्रतिकृती केली, तशाच खुणा कोरून. चार वर्षं लागली. हे सगळं मी कितीदा ऐकलं होतं. लक्ष देऊन एकदाही नाही.

गेल्या वर्षी खोलीत ओल आली म्हणून त्याने ती सुटी करून पेटीत भरली आणि आठवड्याभरात तो इस्पितळात गेला. अकरा दिवस होता. मी पेटी उघडली तर तुकडे काळवंडलेले, बुरशी धरलेले. मिस्त्रीला बोलावून रेगमालाने, म्हणजे खरखरीत वाळूच्या कागदाने, सगळे घासून घेतले. "बाबूजी, एकदम शीशा कर दिए हैं," तो म्हणाला. मी मोजून परत ठेवले.

घरी आल्यावर दादाने एक तुकडा उचलला, उलटा करून पाहिला. मग दुसरा.

"कुणी घासले?"

"मी करून घेतले. तुला बरं वाटेल म्हणून..."

"मोजलेस?"

"हो. एकशे बारा."

"मग झालं तर. तुझी मोजणी कधी चुकत नाही."

त्यानंतर त्याने मला पेटीला हात लावू दिला नाही. सात महिने रोज दुपारी एकेक तुकडा एकेका खाचेत घालून पाहायचा. "तुझ्या इंग्लंडच्या वहीत मापं आहेत ना?" मी एकदा विचारलं. "ती त्या घराची. या फांद्यांची नाहीत," म्हणाला, मान वर न करता. तेराव्याला एक नातेवाईक म्हणाले, खेळण्यापायी जीव शिणवला बिचाऱ्याने. मी त्यांना पान वाढलं.

वहिनींनी टेबल हलवलेलं नाही. एक्केचाळीस तुकडे उभे आहेत. जुळलेल्या प्रत्येक सांध्यावर त्याने खूण पुन्हा कोरली आहे. बेचाळिसावा शेजारी आडवा पडलाय. त्याच्या टोकाला ताजी खूण आहे, तिच्या जोडीची कुठेच नाही; ती कोरायची राहून गेली. पेटीत सत्तर गुळगुळीत तुकडे उरलेत. रविवारी मी जातो, एकेक लावून पाहतो. अजून एकही बसलेला नाही.