दोघं एकाच माइकवर

वाकोल्याच्या ज्या स्टुडिओत मी गाते, तिथला मिक्सिंगवाला कोणी तोंड उघडलं की स्वतःचं वाक्य अर्धवट सोडून गप्प होतो. मला आधी चीड यायची. कामही तसंच. साइडचेन लावतो, म्हणजे माझा आवाज आला की वाद्यं आपोआप खाली जातात, मी थांबले की परत वर येतात. "जागा द्यायला लागते ना," एवढंच म्हणतो.

परवा त्याने फोनवरचं जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याची वारलेली बायको गात होती, आणि हा मध्ये मध्ये तिच्या चुका काढत होता, मोठ्याने.

"यालापण साइडचेन लाव ना रे."

"नाही लागत. दोघं एकाच माइकवर आहोत. मला खाली घेतलं की तीपण जाते."