वीज चमकल्यावर किती

माझा भाऊ फिओरेंझो बालझारेत्ती बावीस वर्षं धंदेवाईक गोल्फ खेळला. त्यातली चौदा वर्षं त्याची बॅग माझ्या खांद्यावर होती. लोक त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. तो फार रेंगाळायचा आणि फार घमेंडी होता, सदा नाक वर. दोन्ही खोटं. त्याचं नाक वर नव्हतं, नजर वर होती. त्याला आभाळाची भीती वाटायची.

का वाटायची, ते आमच्या वेत्साना गावात कुणालाही विचारा. आमचे बाबा अत्तिलिओ डोंगराखालच्या क्लबात गवत राखायचे. जून महिना होता, मी चौदाची, तो नऊचा. दुपारी आम्ही बाबांचा मक्याच्या पोलेंताचा डबा घेऊन सातव्या होलपाशी गेलो. तेवढ्यात डोंगरामागे वीज चमकली. आमच्या घरात एक नियम होता. वीज दिसली की आवाज येईपर्यंत मोजायचं आणि दहाच्या आत गडगडलं तर हातातलं टाकून पळायचं. मी डब्याच्या फडक्याची गाठ सोडण्यात गुंतले होते, माझं मोजणं राहिलं. बाबा म्हणाले, "बारा. आहे अजून वेळ. एक पट्टा राहिलाय, तेवढा कापून येतो. तुम्ही व्हा पुढे."

आम्ही चेस्टनटच्या झाडांपर्यंत पोचलो असू. मागे काय आवाज झाला तो मला सांगता येणार नाही. वळून पाहिलं तेव्हा गवत कापायचं यंत्र उभं होतं आणि बाबा उभे नव्हते.

मग हाच खेळ कशाला, असं शहाणी माणसं विचारतात. अहो, आमच्या गावात पोरांना दोनच कामं होती, गवत कापणं नाहीतर चेंडू मारणं. गवत कापायला तो तयार नव्हता. सभासदांनी टाकून दिलेल्या काठीने तो मारायला शिकला, आणि असा शिकला की विसाव्या वर्षी त्याला धंदेवाईकांत घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याची बॅग वाहणारा कॅडी त्याला सोडून गेला. "तुझा भाऊ ढग बघून थरथरतो, मला हसू आवरत नाही," असं मला तोंडावर सांगून गेला. मी त्याच्या हातातून बॅग हिसकावली. बाई बॅग उचलते म्हणून पुष्कळ जण खिदळले. माझी जीभ किती धारदार आहे हे कळल्यावर गप्प झाले.

आमची पद्धत ठरलेली होती. वीज चमकली की मी ओठांतल्या ओठांत मोजायची. तो माझ्याकडे न बघता विचारायचा, "किती?" मी आकडा सांगायची. दहाच्या वर असला तर तो खेळायचा. खाली असला तर चेंडूच्या जागी खूण ठेवून आम्ही चालते व्हायचो. गोल्फात हा हक्क प्रत्येकाला आहे. विजेचा धोका वाटला तर खेळ थांबवणाऱ्या भोंग्याची वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही, थांबायचं आणि मग पंचांना कळवायचं. चौदा वर्षांत आम्ही तीनदा असे निघून गेलो. दोनदा वादळ आलंच नाही. बेर्गामोचा ग्वाल्तिएरो नावाचा एक कॅडी होता, तो तेव्हापासून आम्ही दिसलो की छत्री उघडायचा.

तरी तो जिंकला. तोस्कानात एकदा पहिला आला, पोर्तुगालमध्ये चौथा. पण दर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो जेवायचा नाही. खिडकीत उभा राहून ढग बघायचा. त्याचे हात मी हातात घ्यायची, बर्फासारखे असायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. याचं तर घरच जळलं होतं.

चौतिसाव्या वर्षी तो घसरला. मोठ्या सामन्यांत खेळायला दर वर्षी परवान्याचं कार्ड लागतं, आणि ते वर्षाच्या क्रमवारीतल्या पहिल्या साठांनाच मिळतं. तोरिनोजवळ सप्टेंबरातला शेवटचा सामना होता, आणि शेवटच्या दिवशी अठराव्या होलवर हिशेब अगदी सरळ झाला. दीड मीटरवरून चेंडू एका टोल्यात आत गेला तर तो साठावा. नाही गेला तर गावी परत जाऊन डॉक्टरांच्या बायकांना काठी धरायला शिकवायचं.

तो वाकून चेंडू जायची रेघ बघत होता, तेव्हा पश्चिमेला आभाळ उजळलं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि गडगडलं. वारा एकदम पडला होता. प्रेक्षकांतल्या एका बाईने पोराला जवळ ओढलं. भोंगा अजून वाजला नव्हता.

"किती?" त्याने विचारलं.

मला खरं सांगायचं होतं. पण मला दिसत होतं की आता थांबलो तर खेळ उद्यावर जाणार आणि रात्रभर तो या दीड मीटरकडे बघत बसणार. सकाळी हिरवळ ओली असणार, हात गार पडलेले असणार, आणि चेंडू बाहेरून जाणार. आत्ता त्याचे हात स्थिर होते. चौदा वर्षं मी ती बॅग वाहिली होती, आणि ती अशी रिकामी घरी न्यायला मी तयार नव्हते.

"पंधरा," मी म्हणाले.

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मोजणी चालू असताना तो कधी माझ्याकडे बघत नसे. "पंधरा?"

"पंधरा. डोंगरापलीकडे आहे. मार."

तो चेंडूवर वाकला. सगळ्या उघड्या मैदानात तेवढा एकच माणूस, हातात लोखंडाची काठी. मला सातव्या होलवरचं यंत्र दिसायला लागलं. थांब म्हणून ओरडावं असं वाटलं, पण मी बॅगेचा पट्टा धरून उभी राहिले. पुन्हा वीज चमकली, इतकी पांढरी की त्याची सावली माझ्या बुटांपर्यंत आली. या वेळी मी मोजलं नाही, माझी हिंमत झाली नाही. त्याने काठी मागे नेली, चेंडू निघाला, काठावर जरासा रेंगाळला आणि आत पडला. त्याच क्षणी आभाळ फाटल्यासारखं गडगडलं, आणि मग भोंगा वाजला.

लोक छपराकडे पळाले. ग्वाल्तिएरोने मला मिठी मारली, छत्रीसकट. "बाई, तुझ्या भावाने आज माझं तोंड बंद केलं." मी हसत होते. फिओरेंझो पंचांच्या तंबूत गेला. टोल्यांच्या नोंदीच्या कार्डावरचा एकेका होलचा आकडा त्याने बोट ठेवून तपासला आणि सही केली. बाहेर येऊन त्याने माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली.

"राहू दे रे, मी घेते," मी म्हणाले.

"सहा होते, नोर्मा."

"तू मोजतोस?"

"नेहमीच."

"मग मला कशाला विचारायचास?"

"तुझा आकडा माझ्या आकड्याशी जुळला की धीर यायचा म्हणून." तो शांतपणे बोलत होता, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. "त्या दिवशी मी पाच मोजले होते. बाबा बारा म्हणाले. मी नऊ वर्षांचा होतो, त्यांना खोटं पाडता आलं नाही. आज तुलाही आलं नाही."

त्याने बॅग खांद्यावर टाकली आणि पावसातून एकटाच गाडीकडे गेला. पुढच्या मोसमात ती बॅग ग्वाल्तिएरोच्या खांद्यावर होती. मी बोंब मारली असती, पण कुठल्या तोंडाने मारणार?

ते कार्ड दोन वर्षांनी गेलंच. बेचाळिसाव्या वर्षी खेळणं थांबवून तो गावी शिकवायला लागला. ढग दिसला की शिकाऊ माणसांना भोंग्याआधीच आत पाठवतो. लोक हसतात, मी हसत नाही. आमचं भांडण नाही. दर रविवारी तो माझ्याकडे भाताचा रिझोत्तो खायला येतो, मी बोलते, तो ऐकतो. उन्हाळ्यात कधी जेवताना वीज चमकते. मी चमचा ठेवून मोठ्याने मोजते, एकही आकडा न चोरता. तो मला काही विचारत नाही. ताटाकडे बघत राहतो, आणि त्याचे ओठ हलत असतात.