वहिनींचा उलटा बत्ता

मी जालन्याला आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. जे व्हर्नियरने मोजता येत नाही ते नसतंच, असं मानणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो... हे आधीच सांगून टाकतो.

आमचं शेत कुंभार पिंपळगावजवळ. नऊ वर्षांपूर्वी विहिरीचा गाळ काढताना दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, एक लोखंडी तुकडा सापडला. वीतभर लांब, एका टोकाला निमुळता. वहिनींनी तो घासून खलात बत्ता म्हणून घेतला. ठेचा, मसाला, शेंगदाणे, सगळं त्यानेच. पण धरायच्या मात्र उलटा. टोक मुठीत आणि कुटायचं सपाट बुडाने.

"वहिनी, टोकानं कुटा ना. लसूण बारीक व्हईल," मी चिडवायचो.

"न्हाई भाऊजी. टोक खाली केलं की कुणीतरी मनगट धरतंय."

गेल्या दिवाळीत ठरवलं, आज हे खूळ मोडायचंच. बत्ता घेतला, टोक खाली केलं, हात उचलला... आणि हात खाली येईना. जोर लावला, तरी नाही. "पेटका आला," म्हणून मी बत्ता ठेवून दिला.

ठेवताना बुडाजवळ तांब्याची पट्टी दिसली. तिच्यावर तिरक्या, अगदी सारख्या अंतराच्या खाचा. कानशीने अशा खाचा पडत नाहीत. मग मला चैन पडेना. हे काय आहे ते शोधल्याशिवाय सोडायचं नाही! माप घेतलं, व्यास चाळीस मिलिमीटर. फोटो काढले आणि जुन्या जालन्यात राहणाऱ्या, तोफखान्यातून रिटायर झालेल्या एका काकांकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "ह्यो तोफेचा गोळा हाय. डागलेला. ह्या खाचा डागताना नळीत घासून पडल्यात. पण फुटला न्हाई."

"आणि टोकाला काय असतं?"

"फ्यूज. टोक आपटलं की फुटतो. कुठं ठेवलाय?"

वहिनी कुटायला बसल्या की दोन्ही पुतण्या शेजारीच लसूण सोलत असायच्या. तिथूनच दादाला फोन केला, "सगळ्यांना घराबाहेर काढ. आत्ता."

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉम्बशोधक पथकाने तो शेतात खड्डा करून उडवला. ढेकळं गोठ्याच्या पत्र्यावर येऊन पडली. वहिनी मुलींना धरून बांधावर बसल्या होत्या.

मी जवळ जाऊन विचारलं, "वहिनी, हात कुणाचा होता?"

"बाईचा. काचेच्या बांगड्या रुतायच्या."

दिवाळीच्या त्या दिवशी माझ्या मनगटावर दोन लाल गोल वळ उठले होते—एकाशेजारी एक. दोन दिवस फुल शर्ट घालून फिरलो, बायकोलाही दाखवले नाहीत. ते मी बांधावर वहिनींना पहिल्यांदा सांगितलं.

"मंग तवा पेटका का म्हणलात, भाऊजी?"

मी बाही खाली ओढून मनगट झाकलं. तो हात कुठल्या बाईचा, ते मात्र आजही कळलेलं नाही.