भोंग्याच्या मुखवट्यासाठी परळला

सकाळी सहाच्या एसटीसाठी निघाले तेव्हा नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "चेहरा नीट बघ," तो म्हणाला, "आणि फोटो काढ. नुसतं वर्णन सांगत बसू नकोस."

माझं दापोलीत औषधांचं दुकान आहे, वय अठ्ठेचाळीस, आणि गेली तीन वर्षं मी दर शनिवारी दुकान बंद करून मोबाईलवर मुंबईच्या एका कंपनीची कुस्ती बघते. ही मातीतली कुस्ती नव्हे. दोरांच्या चौकोनात, रंगीत कपडे घालून, निकाल आधी ठरवून खेळतात ती. नवरा त्या वेळी पेपर वाचतो, पण तासभर पान काही उलटत नाही.

या कंपनीचा जीव म्हणजे भोंगा. लालबागचा पैलवान, तोंडावर लाल-काळा मुखवटा. जुन्या गिरणीचा भोंगा (पाळी बदलल्याची शिट्टी) वाजला की तो येतो. खरा माणूस कोण, हे कंपनीनं कधी सांगितलेलं नाही. आणि आता त्याच कंपनीनं जाहीर केलं होतं की रविवारी परळला भोंगा हरला तर त्यानं भर हॉलमध्ये मुखवटा उतरवायचा. समोर कोण, तर प्रिन्स लकी. तीन आठवड्यांपूर्वी आलेला, मोबाईलवर नाचून प्रसिद्ध झालेला पोरगा! मी चिडले होते, पण खोटं कशाला बोलू, चेहरा मलाही बघायचा होता.

महाडला शेजारी एक काका येऊन बसले. कुठे निघालात विचारलं, मी सांगितलं. मग ते हसून म्हणाले, "पण ते सगळं खोटंच असतं ना हो?"

हा प्रश्न मला लहानपणापासून विचारतात. मी म्हटलं, "काका, तुम्ही नाटक बघता?"

"बघतो की."

"मग नायिका रडायला लागली की तिकीट परत मागता का?"

पुढे पेणपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला जरा वाईट वाटलं, म्हणून तिथे मी त्यांना आंबावडी दिली.

परळ डेपोवर मामेभाऊ नंदू स्कूटर घेऊन हजर होता. नंदूच्या लालबागच्या खोलीत आमच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या. तेव्हा आम्ही पैलवानांचे पत्ते खेळायचो, उंची, वजन, छाती बघून. तो अजून तसाच आहे, फक्त त्याची स्वतःची छाती खाली घसरली आहे.

"ताई, बॅग टाक घरी. चारला गिरगावात मीटिंग हाय. कंपनीचा रायटर येतोय."

कंपनीनं चाहत्यांना भेटायला बोलावलं होतं. गिरगावातल्या त्या इमारतीला दोन मजले, दोन हॉल. नंदू स्कूटर लावायला गेला आणि मी भोंग्याचं चित्र असलेला टी-शर्ट घालून तडक पहिल्या मजल्यावर शिरले. एका बाईंनी माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं, दुसरीनं हातात पियूषचा पेला दिला. मला वाटलं, कंपनी सुधारली! समोर पाटावर नवरी बसलेली दिसली तेव्हा उलगडा झाला. पियूष मात्र उत्तम होतं, जायफळ बेतानं घातलेलं. तसं मी त्या बाईंना सांगून वर गेले.

वर लेखक बसला होता. कौस्तुभ नाव, तिशीचा, गळ्यात हेडफोन. बोलणं अगदी मऊ. मी हात वर केला.

"मी दापोलीहून आले," मी म्हटलं. "साच्याचं काय झालं?"

वाचकांसाठी सांगते. भोंगा आणि साचा (साचा म्हणजे गिरणीतला माग) ही दोघांची जोडी होती. दोन वर्षं एकत्र लढले. मग एके दिवशी साच्यानं पाठीमागून भोंग्याच्या डोक्यात खुर्ची घातली. आमच्या घरात त्या दिवशी पेपर खाली पडला. त्याचा बदला कधी, म्हणून आम्ही आठ महिने वाट बघतोय, आणि त्या गोष्टीचा पुन्हा उल्लेखही नाही. साच्याला मध्यंतरी विदूषक करून टाकलं. मुखवटा उतरवायचाच असेल तर ज्यानं दगा दिला त्याच्यासमोर उतरू दे. त्यात काही दुःख आहे, काही अर्थ आहे. कालच्या पोराच्या हातून तो का उतरवायचा?

कौस्तुभ हसला. "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण आता एवढी मोठी गोष्ट कोण लक्षात ठेवतं? लोकांना क्षण हवा असतो. मुखवटा उतरतोय, चेहरा दिसतोय, संपलं. ती एक क्लिप सगळीकडे जाईल."

"मी लक्षात ठेवलंय ना!"

"तुमच्यासारखे फार थोडे असतात."

त्या खोलीत साठ माणसं होती आणि साठही तशीच होती. पण त्यानं पुढच्याला बोलायला सांगितलं. बाहेर पडले तेव्हा माझे कान तापले होते. नंदूनं दादरला थांबून मला साबुदाणा वडा खाऊ घातला. रागात मी तीन खाल्ले.

रविवारी सकाळी नंदू मला तात्यांकडे घेऊन गेला. लालबागच्या मसाला गल्लीतून जावं लागतं. मे महिन्याचे दिवस, सगळे डंख (मसाला कुटायची यंत्रं) धडधडत होते, आणि हवेत एवढी मिरची की मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंकत गेले. तिथल्या बायका मात्र निवांत गप्पा मारत मिरच्या मोजून घेत होत्या.

तात्या मूर्तिकार. वय पंचाहत्तरच्या पुढे. कारखान्यात नुकत्या घडलेल्या, बिनरंगाच्या गणपतींच्या रांगा, आणि मधोमध तात्या पाटावर. भोंग्याचा मुखवटा त्यांनीच केलेला.

"खयसून इलंस गो बाय?" (कुठून आलीस?)

"दापोलीहून. भोंग्यासाठी."

तात्यांनी कोरणी खाली ठेवली. "भोंग्यानं सांगितलान कंपनीला. तो म्हणालो, हरतंय मी, माझो काय हट्ट नाय. पण त्या साच्याच्या हातून हरवा. आठ महिने मार खाल्लंय त्यासाठी. त्यांनी ऐकूक नाय. उद्यापासून मुखवटो नाय, भोंगो नाय, नुसतो हरणारो पैलवान म्हणान ठेवतले."

इतका वेळ मी स्वतःच्या रागातच होते. त्या माणसाचं तीन वर्षांचं काम एका क्लिपसाठी मोडीत निघणार होतं, आणि ते त्याला माहीत होतं.

"तात्या, तो आहे तरी कोण?" मी विचारलं.

नंदूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत कॉपी करताना सापडलेय. "ताई, ते विचारायचं नसतं. हितं सगळ्यांना माहितेय. कोण बोलत नाय."

तात्या हसले. त्यांनी खुंटीवरचा एक स्वच्छ, चौकटीचा मोठा रुमाल काढून पिशवीत ठेवला. "मूर्ती घराक नेताना तोंड झाकतंत ना? पाटावर बसल्याशिवाय कोणी बघूचा नाय. तेचो मान असता." एवढं बोलून ते पुन्हा सोंड कोरायला लागले.

कुस्ती चारला होती, परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत. पूर्वी हे सामने लालबागच्या मैदानात व्हायचे, सतरंजीवर म्हातारे, मागे बायका. आता पुढच्या चार रांगांत सोफे, आणि सोफ्यांवर जाहिरातवाल्यांचे पाहुणे. कुस्ती सुरू झाली तरी त्यांचं सरबत चाललेलं. तात्यांना कोणीतरी कडेला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. हॉलच्या अगदी मागे, उंचावर, दिव्यांच्या आणि आवाजाच्या टेबलाशी कौस्तुभ कागद घेऊन बसला होता.

भोंगा वाजला. आमच्या रांगेतले दोन म्हातारे नकळत उभे राहिले, पाळीवर निघाल्यासारखे. मग भोंगा आला. मोबाईलवर दिसतो त्यापेक्षा बुटका, खांद्याला पट्टी. सोफे सोडून सगळा हॉल त्याचं नाव घेत होता.

लकीला धड पडताही येत नाही. पडणं, मार लागल्याचं दाखवणं, समोरच्याला मोठं करणं, या सगळ्याला वर्षं लागतात. तो दोन मिनिटांत धापा टाकायला लागला आणि केस सारखे करू लागला. त्यानं चुकीच्या ठिकाणी उडी घेतली तेव्हा भोंग्यानंच पुढे सरकून त्याला झेललं, नाहीतर पोरगं मान मोडून घेतं. ज्याच्या हातून आपण संपणार त्याला सांभाळत होता तो माणूस! मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. काय ते इथे लिहीत नाही.

एक, दोन, तीन. भोंगा हरला.

तो गुडघ्यांवर बसला. लकी त्याच्या मागे जाऊन मुखवट्याची नाडी सोडायला लागला, एका हातात माईक. सगळीकडून मोबाईल वर झाले. माझाही.

तेव्हा तात्या खुर्चीवरून उठले. पिशवीतून रुमाल काढून ते रिंगणाच्या पायऱ्यांकडे निघाले, गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पाऊल. त्यांना कोणी अडवलं नाही. वर पंचानं हात देऊन त्यांना आत घेतलं. रुमाल पाहिल्यावर लालबागच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. आधी ते दोन म्हातारे वळले, रिंगणाकडे पाठ करून. मग मागची रांग. मग बायका. मोबाईल खाली आले.

मी तशीच उभी. सहा तासांचा प्रवास करून आले होते, तीन वर्षं वाट बघितली होती. नाडी सुटली होती. हनुवटी दिसली, तिच्यावरचे पांढरे खुंट दिसले. आणखी एक क्षण, आणि चेहरा दिसला असता.

"ताई," नंदू म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, त्याची पाठ रिंगणाकडे होती.

मी वळले. घाईत मोबाईलवर फोटोचं बटण दाबलं गेलं.

आणि तेव्हा लक्षात आलं की आम्ही सगळे आता कुणाकडे बघतोय. समोर, उंचावर, उजेडात कौस्तुभ. कोणी शिवी दिली नाही, कोणी शिटी मारली नाही. पाठीमागे लकी माईकवर ओरडत होता, "अरे, इधर देखो ना!" कोणी बघितलं नाही. अख्खा हॉल त्या लेखकाच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्यानं हेडफोन काढला. इकडेतिकडे पाहिलं. शेवटी हातातला कागद तोंडासमोर धरला.

पुढचं नंदूनं कुणाकडून तरी ऐकून सांगितलं. तात्यांनी तोंडावर रुमाल घालूनच भोंग्याला आत नेलं.

सोमवारी लालबागचा मसाला आणि चिवडा पिशवीत घालून परत निघाले. कंपनीनं क्लिप टाकली होती, फक्त लकीची, हात वर केलेली. आमच्या पाठी कापून टाकल्या होत्या. वडखळ येईपर्यंत मी कंपनीला पत्र लिहीत होते आणि खोडत होते. आठ महिने वाट बघणारी माणसं ज्यांना थोडी वाटतात, त्यांनी गोष्टी सांगण्याच्या धंद्यात पडू नये, एवढं एक वाक्य शेवटी उरलं. तेच पाठवलं. उत्तर आलेलं नाही. भोंग्याचं पुढे काय, मला माहीत नाही, आणि ते विचारायला मी नंदूला फोन केलेला नाही.

नवरा दुकानातच वाट बघत होता. "पाहिलास चेहरा?"

मी मोबाईल पुढे केला. त्यानं चष्मा लावला. पोरांच्या, बायकांच्या डोक्यांवरून, लांब, दिव्याखाली एक घाबरलेला तरुण.

"हा भोंगा?"

"हा लेखक."

"मग भोंगा कुठाय?"

"माझ्या पाठीमागे," मी म्हटलं.

त्यानं फोटो आणखी थोडा वेळ बघितला आणि मोबाईल परत दिला.