भाच्यानं निवडलेला गार्ड

मी लिहायला बसलोय, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबांना सही करायची असली की ते आधी हात पुसतात. अशा घरातल्या मुलानं स्वतःच्या आठवणी लिहाव्यात आणि त्या कुणी वाचाव्यात, हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. त्यात विषयही काही चांगला नाही. एका गाडीच्या इंजिनाखाली लावायचा पत्रा मी निवडला, एवढीच गोष्ट आहे. पण त्या पत्र्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

गाडी म्हणजे एटीव्ही. जाड चार चाकं, मोटारसायकलीसारखं हँडल, दगडांवरून उड्या मारत जाणारी. ती माझ्या मामाची. मामाचा भाजीचा मळा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं बैलजोडी विकली आणि ही गाडी आणली, कारण उटनूरकडच्या धबधब्यावर पावसाळ्यात शहरातल्या लोकांची रीघ लागते. गाड्या थांबतात तिथून पाण्यापर्यंत वाट दगडांची आहे, मधे ओढा लागतो. लोकांना मागं बसवून ने-आण करायची, असा तो धंदा.

मामाला गाडी चालवता येत नव्हती. चालवायला त्यानं जवळच्याच गुड्यातला, म्हणजे जंगलातल्या वस्तीतला, एक माणूस ठेवला होता. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. आधी ते ट्रॅक्टरवर होते. घरी बायको, दोन मुली. ते मला भाचेबुवा म्हणायचे, त्यात अर्धी थट्टा असायची.

कॉलेजला सुट्टी असली की मी तिथं जायचो. ती जागा मला कधी आवडली नाही. ओढ्यात उष्ट्या पत्रावळी तरंगायच्या. लोक गुटखा खाऊन धबधब्याकडे तोंड करून थुंकायचे आणि लगेच त्याच खडकावर बसून फोटो काढायचे. एकदा बाळाचा वापरलेला लंगोट वाहत येऊन आमच्याच गाडीच्या चाकाला चिकटला. दादांनी तो काडीनं काढला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका दगडानं गाडीचं चेंबर फुटलं. चेंबर म्हणजे इंजिनाचं तेल ज्यात राहतं तो खालचा भाग. आदिलाबादला नेऊन ते वेल्डिंग करून आणलं. गाडी परत आली त्या दिवशी मामा दादांना माझ्यासमोर म्हणाला, "आता चेंबर फुटलं तं घरी बसजो. मी दुसरा पाहीन."

दादा म्हणाले, "दगड मी पेरले काय तिथं?"

"गार्ड मागवून राह्यलो. मंग दगडाचं नाव सांगू नको."

गार्ड, म्हणजे चेंबरला दगड लागू नये म्हणून खाली लावायचा पत्रा, निवडायचं काम माझ्याकडे आलं. फोनवरची माहिती इंग्रजीत होती आणि मी कॉलेजात होतो, एवढंच कारण. खरं सांगायचं तर मी बी.ए.ला आहे, इंजिनातलं मला काही कळत नाही. तसं बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही.

बांधावर आम्ही तिघं बसलो. एक गार्ड प्लास्टिकचा होता, तो लगेच बाद झाला. उरले दोन. एक अॅल्युमिनियमचा, खाली लांबट भोकं असलेला. दुसरा जाड पत्र्याचा, परातीसारखा, सगळीकडून बंद, इंजिनाच्या बाजूंवरही चढणारा.

दादांनी भोकांच्या गार्डवर बोट ठेवलं. "हा घ्या. चिखल खाली पडून जाते."

"भोकातून दगड लागंल ना," मी म्हणालो.

"एवढ्या भोकातून दगड नाई शिरत, भाचेबुवा. अन् त्या बंदवाल्यानं काच झाकल्या जाईल. तेल किती हाय ते पाहाव कुठून?"

चेंबरच्या बाजूला एक लहान काच असते, तिच्यातून तेलाची पातळी दिसते. मला ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं. कळलं नव्हतं हे कळू नये म्हणून मी म्हणालो, "तेल काय रोज कमी होते का?"

दादा हसले. "पुस्तकात नसंल होत."

मला राग आला. मी बंदवाला निवडला. मामानं एकदाही विचारलं नाही की का.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो. मी मळ्यात पोचलो की केस पिकलेला मामा हातातलं काम टाकून वाकतो, माझ्या चिखलाच्या पायांना हात लावून तो कपाळाला नेतो. लहानपणी मला गुदगुल्या व्हायच्या. मोठा झाल्यावर लाज वाटू लागली, पण मी कधी पाय मागं घेतला नाही. भाच्याचा शब्द मोडायचा नाही आणि भाच्याला दोष लावायचा नाही, हे त्या रीतीतच येतं.

गार्ड आला, बसला. महिनाभर सगळं ठीक चाललं. मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेले खांदे तूप-हळदीनं चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात. मामाकडे बैल नव्हते. त्यानं गाडी धुतली आणि वाटीभर तूप-हळद घेऊन तिच्यापुढं बसला. हँडल चोळलं, टाकी चोळली, मग जमिनीवर आडवा होऊन हात घालून इंजिनाला आणि गार्डलाही चोळलं. "हेच वझं वाह्यते आता," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मामीनं डोळ्याला पदर लावला. मलाही ते तेव्हा चांगलंच वाटलं होतं.

चार दिवसांनी दादा म्हणाले, "खालून ओलं लागून राह्यलं. तेल असंल. गार्ड सोडून पाहू."

मामानं बोट लावून वास घेतला. "तूप हाय बे. आपणच तं लावलं. पोळ्याचं पुसाव नाई."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये पाहत होतो.

पुढच्या रविवारी ओढ्याच्या चढावर गाडी जागीच जाम झाली. मागं बसलेलं जोडपं उतरून ओरडू लागलं. लागलं कुणालाच नव्हतं. इंजिन आतून जखडलं होतं, तेलाचा थेंब नव्हता. मामा पळत आला. सगळ्यांसमोर त्यानं दादांच्या हातातून किल्ली ओढून घेतली.

"बिनतेलाची गाडी चालवतं. आंधळा हायेस काय?"

"काच झाकेल हाय, मालक."

"चाल, निघ. आता पाय ठेवू नको इथं."

दादांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि ओढा ओलांडून गेले. धबधब्यावर अशाच गाड्यांचे आणखी दोन मालक उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. म्हणजे त्यांच्याकडेही दादांना काम मिळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, मळ्यात ओढून आणलेल्या गाडीखाली झोपून मी एकट्यानं गार्डचे बोल्ट सोडले. शेवटचा बोल्ट निघाला आणि पत्रा आतल्या सगळ्यासकट माझ्या छातीवर आला. काळं तेल, आंबट झालेलं तूप, शेण, गवत, सगळं इंजिनाच्या उष्णतेवर शिजून लगदा झालेला. त्यात गुटख्याच्या पुड्या. एक बेडूक होता, उकडलेला, पाय ताणलेले, पोटाला पिवळी हळद. तो माझ्या गळ्याशी येऊन थांबला. मी तिथंच ओकलो. त्या रात्री लिंबू चोळलं, राख चोळली. वास गेला नाही.

चेंबरचा वेल्डिंगचा सांधा ओला होता. तेल तिथून महिनाभर पाझरत होतं आणि परातीत साठून चिखलात मुरत होतं. भोकं असती तर ते जमिनीवर पडलं असतं, कुणालाही दिसलं असतं.

मी तसाच, माखलेला, मामाकडे गेलो. म्हणालो, "दादाची चूक नाई, मामा. गार्ड मी चुकीचा घेतला. तो सांगत होता."

मामा वांगी निवडत होता. त्यानं मान वर केली नाही. "तू काऊन मनाले लावून घेतं?"

"अरे पण चूक माझी हाय."

"भाच्याची चूक काढली तं मले कुठं जागा हाय?" एवढं बोलून तो उठला, माझ्यापुढं वाकला आणि त्या घाण झालेल्या पायांना त्यानं हात लावला. हात कपाळाला नेला. कपाळावर काळा डाग उमटला.

बेडकाची आली नव्हती एवढी किळस मला तेव्हा आली. मामाची कमी, माझ्या पायांची जास्त. तरी मी ते मागं घेतले नाहीत.

मी त्या दोन मालकांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. एक म्हणाला, "मामाचा माणूस हायेस, अन् मामाविरुद्ध बोलतं?" दुसऱ्यानं चहा पाजला आणि विषय बदलला. गुड्यात गेलो तर दादांच्या घराला कुलूप होतं. फोन लागत नव्हता. सणाची सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं. मामीला मात्र मी दर आठवड्याला विचारत राहिलो.

परवा मामीचा फोन आला.

"तुया दादाचा पत्ता लागला बाबू. मंचेरियलले हाय. बायको-पोरी संगं नेल्या. पोते उचलते म्हंते, कंबर धरली म्हंते." मग पुढं म्हणाली, "अन् आपली गाडी झाली चालू. नवा पोरगा ठेवला चालवाले."

मी विचारलं, गार्ड कोणता लावला.

"तोच. धुऊन लावला. नवा पोरगा म्हणे, याले भोकं पाडू. तुया मामानं हात लावू देल्ला नाई. म्हंते, माह्या भाच्यानं निवडेल हाय."